कोंडवाड्याच्या जागेवरचं सौर: एका ग्रामपंचायतीचं वीजबिल कसं उतरलं

पार्श्वभूमी

कृष्णेच्या एका उपनदीकाठचं, साधारण ३,४०० वस्तीचं गाव. ऊस, दोन डेअऱ्या, विकास सोसायटी, सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा. गाव ओळखू येऊ नये म्हणून नाव, तालुका आणि काही किरकोळ तपशील इथे बदलले आहेत. आकडे बिलांवरून आणि आमच्या मोजणीच्या वहीतून घेतलेत, फक्त पूर्णांकात केलेत.

आमची संस्था लहान. मी ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो, माझी सहकारी पंचायत राज प्रशिक्षणातली. डिसेंबर २०२२ मध्ये सरपंचांचा फोन आला. गावाने राज्य शासनाच्या पर्यावरणविषयक माझी वसुंधरा अभियानात नाव नोंदवलं होतं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच घटकांपैकी ‘अग्नी’त, म्हणजे ऊर्जेच्या घटकात, सांगण्यासारखं काहीच नव्हतं. “सौर बसवायचंय. कोटेशन आलंय. तेवढं बघून द्या,” एवढंच त्यांचं मागणं.

सरपंच ताई निवडून येण्याआधीपासून पिठाची गिरणी चालवतात. हा तपशील मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याने बराच फरक पडला. मोटर, एचपी, स्टार्टर, बेअरिंग हे शब्द त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाहीत.

अडचण

वरवर अडचण एकच दिसत होती, ती म्हणजे थकबाकी. पथदिवे आणि पाणीपुरवठा मिळून १३ लाखांच्या आसपास. त्यातला मोठा भाग पथदिव्यांचा, आणि त्यात व्याजही मुरलेलं. अशा थकबाकीची गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. पथदिव्यांची बिलं शासन भरेल की ग्रामपंचायत, यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. २०२१ मध्ये शासनाने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिलं भरायला सांगितलं, पथदिव्यांची अबंधित (गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या) निधीतून आणि पाण्याची बंधित (पाणी-स्वच्छतेसाठी राखीव) निधीतून. तेव्हा ठिकठिकाणच्या सरपंचांनी विरोध केला, कारण तो पैसा त्यांनी गटारं, रस्ते आणि शाळाखोल्यांसाठी धरून ठेवला होता. या गावातही तेच झालं. बिल आलं की अर्धं भरायचं, वीज तोडायला माणसं आली की आणखी थोडं भरायचं.

चालू बिल किती येतं, हे मात्र कुणाला नीट सांगता येईना. ग्रामसेवकांनी (आता त्यांचं पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं) एक जाडजूड फाईल पुढे केली. सहा कनेक्शनं निघाली. एक जॅकवेलचं (नदीकाठच्या विहिरीचं, जिथून पंपाने गावाच्या टाकीत पाणी चढवतात), चार पथदिव्यांची, एक कार्यालयाचं. पथदिव्यांच्या एका मीटरवर आकडाच दिसत नव्हता आणि बिल सरासरीने येत होतं. कार्यालयाचं कनेक्शन सार्वजनिक सेवा या वर्गवारीत हवं, ते व्यापारी वर्गवारीत पडलेलं.

बारा महिन्यांची बिलं लावून पाहिली तेव्हा चित्र असं निघालं: जॅकवेलला महिन्याला सुमारे २,८०० युनिट, पथदिव्यांना सुमारे ३,०००. कार्यालयाचा वापर किरकोळ, दीडशे युनिटसुद्धा नाही.

आलेलं कोटेशन २५ किलोवॅटचं होतं. पॅनेल ग्रामपंचायत कार्यालयावर आणि शाळेच्या गच्चीवर, खर्च पंधरा लाखांच्या वर. हिशेब वरून बिनचूक. आपल्या भागात एक किलोवॅट सौर वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. २५ किलोवॅटचे झाले ३५,०००. पाणीपुरवठा वर्षाला खातो ३४,०००. झालं, बिल शून्य.

खोट एवढीच, की पॅनेल शाळेवर, पंप नदीवर आणि दोघांचे मीटर वेगळे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सौरची वीज लाईनला देऊन बिलातून वजा करून घ्यायच्या पद्धतीत, ज्या कनेक्शनवर पॅनेल जोडलं जातं त्याच कनेक्शनचं बिल कमी होतं. शाळेवर बनलेली वीज जॅकवेलच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. शिवाय सौर संचाची क्षमता त्या कनेक्शनच्या मंजूर भारापेक्षा (वीज कंपनीने परवानगी दिलेल्या कमाल भारापेक्षा) जास्त चालत नाही. शाळेचा मंजूर भार होता दोन किलोवॅट.

कोटेशन देणाऱ्याने फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. त्याने गच्ची मोजली, कनेक्शन मोजलं नाही, इतकंच.

टाकी भरायला किती युनिट लागतात

जानेवारीत एक दिवस आम्ही जॅकवेलवर घालवला. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात कामाचा वाटलेला दिवस तोच.

पाणी सोडणारे तात्या पहाटे साडेपाचला सायकलवरून आले. बावीस वर्षं हेच काम. जॅकवेलच्या खोलीच्या भिंतीवर दारावरच्या पट्टीच्याही वर एक मातकट रेघ होती, २०१९ च्या पुराची. त्याखाली दुसरी, २०२१ ची. स्टार्टरची पेटी दोन्ही वेळा पाण्याखाली गेली होती. आताची पेटी खुर्चीएवढ्या उंचीवर खिळ्याला टांगलेली.

मोजमाप अगदी साधं होतं. टाकी एक लाख लिटरची. ती रिकामी करून घेतली, मीटरचा आकडा लिहिला, पंप सुरू केला. सहकारी टाकीवर थांबली, मी खाली. टाकी काठोकाठ भरली तेव्हा तिचा फोन आला आणि मी पुन्हा आकडा लिहिला. वेळ लागला चार तास दहा मिनिटं, युनिट ४७.

आता हे जास्त की कमी? विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची चढण आणि सव्वा किलोमीटर पाईपातलं घर्षण मिळून ४६ मीटर धरले. एक लाख लिटर पाणी ४६ मीटर वर न्यायला, काहीही वाया गेलं नाही तर, साडेबारा युनिट लागतात. पंप आणि मोटर दोन्ही धडधाकट असतील तर थोडीफार वाया जाणारी वीज धरून बावीस ते पंचवीस. इथे ४७ लागत होते. म्हणजे चारपैकी तीन हिस्से वीज पाण्याच्या कामी येतच नव्हती.

ती कुठे जात होती हे तात्यांना ठाऊक होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलेला, मोटर दोनदा रिवाइंड केलेली, ग्लँडमधून (पंपाच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) पाण्याची धार. उसाच्या दोन शेतांमधून टाकीकडे पाणी नेणाऱ्या पाईपाला, रायझिंग मेनला, एका एअर वाल्वपाशी (हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी) कायम चिखल. “तिथं म्हशी बसत्यात, साहेब. उन्हाळ्यात पण,” तात्या म्हणाले. गळती शोधायचं याहून स्वस्त यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट निघाली ती तात्यांच्या खिशातून. घड्या पडून मऊ झालेली एक चिठ्ठी. आठवड्यात कोणत्या दिवशी दिवसा लाईट आणि कोणत्या दिवशी रात्री, याचं वेळापत्रक. जॅकवेल शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या वेगळ्या लाईनवर होतं. थ्री फेज वीज दिवसा आठ तास, किंवा पाळी रात्रीची असेल तर रात्री. दोन वेळा टाकी भरायला आठ तास वीस मिनिटं लागणार आणि वीज आठच तास. म्हणून दिवसपाळीला गावाच्या वरच्या आळीला पाणी पोचायचं नाही आणि ग्रामसभेत दरवेळी भांडण. गाव समजत होतं की तात्या वरच्या आळीवर राग काढतात.

या चिठ्ठीने सौरचा सगळा बेतच बदलला. घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरसारखा नसतो सौरचा इन्व्हर्टर; पॅनेलची वीज लाईनजोगी करणारा हा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन बंद असताना वीज देत नाही. तो देऊ लागला तर लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून त्याची रचनाच तशी असते. म्हणजे शेती फीडरवर नेट मीटरचं सौर लावलं तर रात्रपाळीच्या दिवसांत डोक्यावर ऊन आणि इन्व्हर्टर बंद. आठवड्यातले तीन-चार दिवस उत्पादन शून्य. हे ना कोटेशनमध्ये होतं, ना खरं सांगायचं तर माझ्या यादीत.

समोरचे पर्याय

मार्चमधल्या मासिक सभेत आम्ही पाच वाटा मांडल्या.

पहिली, आलेलं कोटेशन तसंच मंजूर करणं. ती लगेच बाद झाली.

दुसरी, जॅकवेलवर ग्रिडशी संबंध नसलेला सौरपंप. वीज असो नसो, ऊन आहे तोवर पाणी. ताईंना ही आवडली होती. पण नदीकाठी पूररेषेच्या आत पॅनेल उभं करायचं, रात्री तिथे कुणी नसतं, आणि पावसाळ्यात ढगाळ आठवडा गेला तर गावाने पाणी कुठून प्यायचं? जुनं कनेक्शन जोडीला ठेवावंच लागलं असतं.

तिसरी, एखाद्या कंपनीने स्वतःच्या पैशाने संच बसवायचा आणि पंचायतीने पंचवीस वर्षं ठरलेल्या दराने युनिट विकत घ्यायचे. शहरांत हे चालतं. इथे दोन कंपन्यांशी बोललो. दोघांनी पहिला प्रश्न थकबाकीचा विचारला आणि नंतर फोन उचलला नाही. त्यांना दोष देता येत नाही. वीज कंपनीचं बिल न भरणारी ग्रामपंचायत आपलं भरेल असं कोण मानेल?

चौथी वाट एका सदस्याने आणली: गायरान मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला द्यायचं. योजना चांगली आहे, शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळते आणि ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाखही मिळतात. पण गायरान एका सलग तुकड्यात नव्हतं, अर्ध्यावर घरं होती. आणि पंचायतीच्या स्वतःच्या बिलाला त्याचा थेट उपयोग नव्हता. ती बाजूला ठेवली.

पाचवी आमची होती: आधी पंप आणि गळती, मग पथदिवे, आणि सौर शेवटी, जेवढं उरेल तेवढ्यापुरतं.

सभेत शांतता पसरली. उपसरपंच दुसऱ्या गटाचे, ते म्हणाले, “म्हणजे सौर नाहीच. नुसता पंप बदलायचा. ते तर आम्ही पण केलं असतं.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. पंपाचं उद्घाटन होत नाही. विहिरीच्या तळाशी बसलेल्या लोखंडापुढे फोटो कोण काढणार? पॅनेल रस्त्यावरून दिसतं.

ताईंनी तोड काढली ती गिरणीतून. “गिरणीचा पट्टा ढिला असंल तर मी आधी पट्टा ताणते का मोठी मोटर आणते?” सभेत दोघे-तिघे हसले आणि विषय सुटला. पण त्यांनी अटही घातली: सौर होणार हे त्याच ठरावात लिहायचं, क्रम काहीही असो. माझ्या सहकारीने ते लगेच मान्य केलं. मला तेव्हा ते राजकारण वाटलं. आज वाटतं, ती अट नसती तर पंप बदलल्यावर पैसा रस्त्याकडे वळला असता.

निर्णय जिथे अडले

पॅनेल कुठे? जॅकवेलच्या मीटरला जोडायचं तर मीटरजवळ हवं. मीटर पूररेषेत, आणि तोही शेती फीडरवर. मग प्रश्न उलटा केला. पॅनेल मीटरकडे नेण्याऐवजी मीटरच वर आणला तर?

नदीपासून १८० मीटरवर, रस्त्याच्या कडेला, जुन्या कोंडवाड्याची जागा होती. पंचायतीच्याच नावावर, दोन्ही पुरांत कोरडी राहिलेली, दगडी भिंती अजून उभ्या. मोकाट गुरं कोंडायची पद्धत बंद पडून वीस वर्षं झाली होती, आत फक्त घाणेरी माजलेली. आणि त्या रस्त्यावरून गावठाण फीडरची, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणारी लाईन जात होती, म्हणजे शेतीची पाळी तिथे लागू नाही. नवा कनेक्शन-बिंदू तिथे घ्यायचा, मीटर आणि स्टार्टर वर, मोटर खाली, मध्ये जमिनीतून आर्मर्ड केबल. पुराचा प्रश्न, फीडरचा प्रश्न आणि जागेचा प्रश्न एकाच जागेवर सुटले. गायरान घेतलं असतं तर महसूल खात्याच्या परवानगीत वर्ष गेलं असतं.

भार किती? इथे चूक झाली, आणि ती माझी. नव्या हिशेबात १५ एचपीऐवजी १० एचपीचा पंप पुरत होता. कनेक्शन हलवायच्या अर्जात मी भारही १० एचपी लिहायला लावला. महिन्याचा स्थिर आकार चार-पाचशे रुपयांनी कमी होईल, या आनंदात. सौरची क्षमता मंजूर भाराला बांधलेली आहे हे मीच सभेत सांगितलं होतं. तरी अर्ज लिहिताना ते डोक्यात आलं नाही. १५ एचपी राहिला असता तर ११ किलोवॅट बसवता आलं असतं आणि पंपाची जवळजवळ सगळी गरज भागली असती. १० एचपीमुळे साडेसात किलोवॅटवर थांबावं लागलं. भार वाढवून घेता आला असता, पण नवा अर्ज, नवं शुल्क, नवे तीन महिने. भाऊसाहेब म्हणाले, “राहू द्या आता.”

सौर पथदिवे घ्यायचे का? बॅटरीचे सौर दिवे गावाला आधी एकदा मिळाले होते. चौदापैकी एकही लागत नव्हता. चारांच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या, बाकीच्या आपोआप मेल्या. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते आणि त्यासाठी कुणी पैसा बाजूला ठेवत नाही. म्हणून जिथे खांब आणि तार आहे तिथे साधे एलईडी, आणि जिथे तारच नाही त्या धनगरवाड्याच्या वाटेवर तेवढे सहा सौर दिवे, असं ठरलं.

थांबायचं का? फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली आणि सौरचं काम ऐन निविदेत असताना दोन सदस्य म्हणाले, थांबा, ७८ हजार सबसिडी मिळतेय. ते अनुदान घरांसाठी आहे, पंचायतीच्या पंपाला नाही, हे पटवण्यात एक सभा गेली. त्याच वर्षी साताऱ्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे व्हिडिओ फिरले. “त्यांना जमतं, आपल्याला का नाही?” तिथे घराघरांवर पॅनेल आहेत, शंभरेक उंबऱ्यांचं गाव आहे. आमचा प्रश्न वेगळा होता. पण त्या व्हिडिओंनी मदतच केली, विरोध करणारा गट अचानक सौरचा पुरस्कर्ता झाला.

काय केलं

मे २०२३ मध्ये नवा १० एचपीचा पंप बसला. एअर वाल्व आणि पाईपाचे तीन सांधे बदलले. म्हशींची जागा गेली. पैसा वित्त आयोगाच्या बंधित निधीतून, कारण काम पिण्याच्या पाण्याचं. कनेक्शन कोंडवाड्यात हलायला सप्टेंबर उजाडला.

थकबाकीसाठी माझ्या सहकारीने संयुक्त पाहणी मागून घेतली. पंचायतीचा शिपाई, वायरमन आणि कनिष्ठ अभियंता तिघं मिळून एकेक खांब फिरले. बंद मीटर बदलला गेला. दोन ठिकाणी पथदिव्यांच्या तारेवर घरांनी वीजचोरीसाठी टाकलेले आकडे सापडले. ते कुणाचे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. पाहणीनंतर दुसऱ्या दिवशी ते निघालेले होते. सरासरी बिलाची दुरुस्ती होऊन लाखभर रुपये कमी झाले. उरलेल्या रकमेचे हप्ते ठरले. हे सौरच्या आधीच करावं लागलं, कारण थकबाकी असताना नेट मीटरचा अर्ज पुढे सरकणार नाही असं आम्हाला सांगण्यात आलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर १६० पथदिवे बदलले: जुन्या चोकच्या ट्यूबऐवजी २० वॅटचे एलईडी, आणि चारही मीटरवर टायमर. टायमरआधी दिवे लावायचं-विझवायचं काम शिपायाकडे होतं, आणि तो लग्नाला गेला की गाव दिवसभर उजळलेलं.

सौरसाठी निविदा मार्च २०२४ मध्ये. पॅनेल जूनमध्ये उभी राहिली, नेट मीटर सप्टेंबरमध्ये लागला. मधले तीन महिने पॅनेल उन्हात नुसतीच उभी, आणि ताईंना रोज कोणीतरी विचारायचं, “मग बिल कमी आलं का?”

निकाल

नेट मीटर लागल्यापासूनच्या पहिल्या वर्षाचा हिशेब असा.

पंप: टाकी आता दोन तास पन्नास मिनिटांत भरते, २५ युनिटांत. महिन्याला २,८०० ऐवजी १,५००. पथदिवे: ३,००० वरून १,२००. सौर: अपेक्षा वर्षाला १०,५०० युनिटांची होती, मिळाले ९,४००, म्हणजे महिन्याला ७८० च्या आसपास. एकूण महिन्याला सुमारे ५,९०० युनिटांवरून गाडी २,००० पर्यंत उतरली.

या उताराचे तुकडे केले की मजा दिसते. जवळपास ३,९०० युनिटांच्या बचतीत पथदिव्यांचा वाटा १,८००, पंपाचा १,३०० आणि सौरचा ७८०. खर्च मात्र उलट्या क्रमाने. एकूण साडेनऊ लाखांतले जवळजवळ निम्मे एकट्या सौरवर गेले. निम्मा पैसा आणि पाचवा हिस्सा बचत. म्हणून सौर चुकलं का? तसं मला वाटत नाही. एलईडी काही वर्षांत बदलावे लागतील, इम्पेलर पुन्हा झिजेल. पॅनेल पंचवीस वर्षं वीज देत राहतील. आणि सौरचं नाव निघालं नसतं तर जॅकवेलवर युनिट मोजायला आम्हाला कोणी बोलावलंच नसतं.

थकबाकी १३ लाखांवरून पाचपर्यंत आली आहे. वरच्या आळीला रोज पाणी पोचतं. तात्यांवरचा संशयही मिटला, निदान या विषयापुरता.

जे बिघडलं तेही सांगायला हवं. १६० एलईडींपैकी २२ पहिल्याच पावसाळ्यात गेले. निविदेत आम्ही वॅट लिहिले, प्रकाश किती ते लिहिलं, पण वीज चमकल्यावर लाईनमध्ये येणारा झटका सोसण्याची क्षमता लिहिली नाही. पुरवठादाराने हात झटकले आणि कागदावर तो बरोबर होता. सौरचं उत्पादन कमी पडलं त्याचं एक कारण साधं होतं. जानेवारी ते मार्च उसाची तोड, शेतात पाचट पेटलेलं, आणि काजळी पॅनेलवर. पॅनेल धुवायचं काम कुणाचं, हे ठरावात नव्हतं. पुरवठादाराच्या करारात वर्षातून दोनदा धुणं होतं, आणि दोन्ही वेळा तो पावसाळ्यात आला.

पुन्हा करायचं झालं तर

भाराचा अर्ज सौरचा आराखडा ठरल्याशिवाय देणार नाही. महिन्याचे चारशे वाचवताना वर्षाचे पाच हजार युनिट घालवले.

थकबाकीचं बोलणं पहिल्या आठवड्यात सुरू करेन. आम्ही ते तांत्रिक कामानंतर ठेवलं, कारण ते आम्हाला कंटाळवाणं वाटत होतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त महिने तिथेच गेले.

निविदेचा मसुदा एखाद्या वायरमनला वाचायला देईन. झटक्याची गोष्ट त्याने पाच मिनिटांत सांगितली असती. नंतर सांगितलीच, चहा पिताना.

आणि बचतीचा पैसा कुठे जमा होणार हे आधी ठरवेन. बिल वित्त आयोगाच्या निधीतून भरलं जातं, त्यामुळे कमी आलेलं बिल पंचायतीच्या खिशात दिसत नाही, फक्त पुढच्या हप्त्यातून थोडं कमी वजा होतं. सदस्यांना त्याचं कौतुक वाटत नाही, यात नवल नाही. गेल्या वर्षी एक ठराव झाला, की वाचलेल्या रकमेएवढी रक्कम दरवर्षी पाणीपट्टीच्या वसुलीतून पाणीपुरवठ्याच्या खात्यात वेगळी ठेवायची, पंप आणि दिव्यांच्या दुरुस्तीसाठी. पहिल्या वर्षी ठरल्याच्या निम्मी ठेवली गेली. पाणीपट्टीच निम्मी वसूल झाली होती.

एका गोष्टीवर माझं आणि सहकारीचं अजून एकमत नाही. ती म्हणते, सौर आधी बसवलं असतं तर गावाचा विश्वास लवकर बसला असता, थोडा पैसा वाया गेला असता तरी चाललं असतं. मी म्हणतो, आधी बसवलं असतं तर ते शाळेच्या गच्चीवर बसलं असतं.

कोंडवाड्याच्या भिंतीला आता दार लावलंय. आत मीटरशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. तात्या रोज टाकी भरली की वेळ आणि आकडा लिहितात. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या फेब्रुवारीत भेटलो तेव्हा त्यांनी वही काढून दाखवली: तीन आठवड्यांत पंचवीसचे सत्तावीस झाले होते. “ग्लँड बघाय पाहिजे,” म्हणाले, आणि पान्हा घेऊन नदीकडे उतरले.